भिवंडीतलं भाषण

"भिवंडीला? फिरायला?" सोलापुरातून निघताना ज्यानं त्यानं हेच विचारलं. लोक महाबळेश्वरला जातात, गणपतीपुळ्याला जातात. बाई उठून भिवंडीला चालली हे कुणाच्या डोक्यातच शिरेना. व्याख्यान द्यायला चालले आहे, तेही अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध झालेल्या भाषणांवर, असं सांगितल्यावर तर शेजारचे काका हसतच सुटले. "अहो, तिथं मागांच्या खडखडाटात शेजारचा काय बोलतो ते कळत नाही, तुम्ही अमेरिकेचं काय ऐकवणार?" मी म्हटलं, ऐकवते की नाही बघाच. निवृत्त झाले म्हणून घसा काही निवृत्त झालेला नाही माझा. आता परत येऊन पंधरा दिवस झाले, आणि काका जिन्यात दिसले की मी दार लोटून घेते.

बुधवार, टेमघर

बोलावणं अंजुमचं होतं. ही माझी कॉलेजातली विद्यार्थिनी. सगळ्यात मागच्या बाकावर बसायची आणि सगळ्यात जास्त प्रश्न विचारायची. लग्न होऊन भिवंडीत आली, आणि आता निजामपुऱ्यात मागवाल्यांच्या वस्तीत एक वाचनालय चालवते. "मॅडम, ते तुम्ही गुलामांच्या भाषणांचं शिकवायचात ना, तेच इथं येऊन बोला. इथल्या लोकांना ते कळेल," असं तिनं फोनवर सांगितलं. मी हुरळले. इतक्या वर्षांनी विद्यार्थ्यानं आपला तास आठवणीत ठेवलाय म्हटल्यावर कोणता मास्तर हुरळणार नाही?

अंजुमचं घर लहान आणि माणसं भरपूर, म्हणून माझी सोय टेमघरला नानांकडे केली होती. वाचनालयाची जागा नानांची, आणि शुक्रवारच्या सभेचे अध्यक्षही तेच. कल्याणहून रिक्षा केली. मी मराठीत बोलले, रिक्षावाला हिंदीत. मग मी हिंदीवर आले तर तो मराठीवर आला, आणि या सगळ्या सौजन्यात त्यानं मला टेमघरऐवजी कुठल्याशा गोदामांच्या आवारात सोडलं. चहूकडे कंटेनर आणि मधे मी, हातात शेंगाचटणीची पिशवी. शेवटी तिथल्या वॉचमननं खुर्ची दिली आणि फोन लावून दिला. नाना स्कूटरवरून न्यायला आले. सत्तरीचे गृहस्थ, पांढरा शुभ्र शर्ट, गळ्यात सोन्याची जाड साखळी. "मॅडम, बरोबर जागंवर सोडलान तुमाला. ह्या गोदामाखाली आमचंच शेत व्हतं," असं म्हणून मोठ्यानं हसले, पण ते हसू लवकर संपलं.

घरी त्यांच्या पत्नी, माई, स्वयंपाकाला लागल्या होत्या. मी मासे खात नाही हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा पडला की मलाच अपराध्यासारखं झालं. "न्हाय खात? कंदीच न्हाय? डॉक्टरानं सांगितलंय काय?" खाडीकाठच्या घरात मासे न खाणारा पाहुणा म्हणजे आजारीच. मग वालाचं बिरडं झालं, तांदळाच्या भाकरी झाल्या. पांढऱ्या, मऊ, धुतलेल्या रुमालासारख्या. आमच्याकडची कडक भाकरी महिनाभर टिकते. ही तव्यावरून ताटात येईपर्यंतच खरी. मी चार खाल्ल्या. माझी चटणी नानांनी सुकटीबरोबर खाल्ली आणि "हिच्यात सुकट टाकली तर अजून भारी व्हईल" असा अभिप्राय दिला.

जेवणानंतर नानांनी खुर्ची जवळ ओढली. "सभेत तुमच्या आदी सुमन बोलनार हाय. तिचं जरा तुमाला सांगून ठेवतो."

सुमन कातकरी. टेमघरच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला तिचा पाडा. पावसाळ्यात घरात धान्य संपलं, कुणी आजारी पडलं, की वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर सगळं घर भट्टीवर जायचं, हा पाड्याचा रिवाज. हंगाम संपतो, उचल फिटत नाही. मालक सांगेल तो हिशेब. पुढच्या साली पुन्हा तीच भट्टी. सुमन तशी वर्षानुवर्षं अडकली होती. दोन वर्षांपूर्वी सरकारी साहेबांनी येऊन तिला सोडवलं, सुटकेचा कागद दिला. पण तिची धाकटी बहीण बेबी नवरा आणि पोरांसकट अजून त्याच भट्टीवर आहे. बाजाराला जायचं तरी मालक एका वेळी एकालाच सोडतो, बाकीच्यांना ठेवून घेतो.

"शनिवारी साहेब अचानक भट्टीवर येनार हायत," नाना आवाज उतरवून म्हणाले. "ही गोष्ट अंजुमला, सुमनला आनि मलाच ठावं. आता तुमाला. सुमनला सांगून ठेवलंय, सभेत तुजं समदं बोल, पन भट्टीचं नि मालकाचं नाव घ्यायचं न्हाय. मालक आमच्याच नात्यातला. सभेत त्याची मान्सं बसलेली असतील."

मी मान हलवली. मला वाटलं, नात्यातला आहे म्हणून म्हातारा जपून बोलतोय.

गुरुवार, कामतघर

सकाळी अंजुमनं मला कामतघरचे गाळे दाखवले. माग काही मला नवे नाहीत, सोलापूरची आहे मी. पण हे प्रकरण वेगळं. गल्लीच्या दोन्ही अंगांना गाळे, आणि आवाज असा की तो कानांनी ऐकायचा नसतोच, दातांत जाणवतो. कारागीर बिहार-उत्तर प्रदेशचे, तेलंगणातले, आपल्याकडचे. एकमेकांशी बोटांनी आणि ओठांनी बोलतात. मी एकाला ओरडून विचारलं, "किती तासांची शिफ्ट?" त्यानं ओठ हलवले, अंजुमनं ते वाचले आणि मला लिहून दाखवलं: बारा. एवढ्या वेळात माझ्या घशात कापसाची लव जाऊन बसली ती बसलीच.

तिथंच मला माझ्या विषयाची गंमत वाटायला लागली. अमेरिकेतले ते वक्ते, गुलामीतून पळून आलेले, समुद्र ओलांडून इंग्लंडच्या कापड गिरण्यांच्या गावीही गेले होते. गुलामांनी वेचलेला कापूस तिथं विणला जायचा. ज्यांच्या हातांत तो कापूस होता त्यांनाच ते सांगत फिरले की हा कुठून येतो बघा. पुढं अमेरिकेत लढाई जुंपली, कापूस बंद झाला, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि आपले लोक पैशात लोळले. ते कुणी भाषणात सांगत नाही. मी सांगणार होते. म्हणजे अंजुम बरोबरच म्हणाली होती, बोलायचं तर इथंच.

सुमन एका गाळ्यात सुताच्या कांड्या भरायचं काम करते. दुपारच्या सुट्टीत बाहेर चहाला आली. पस्तिशीची असेल, काटक, हसताना तोंडावर हात धरणारी. अंजुमनं ओळख करून दिली तशी मला म्हणाली, "बाई, तुमी त्या काल्या मान्साचं सांगनार ना? मना आदी सांगा. मंग मना उद्या बोलाया बरं परंल."

मी सांगितलं. मला सांगायला आवडतंच, आणि ती ऐकत होती अशी की चहा तसाच निवला. सांगितलं की तो गुलाम होता, पळाला, आणि सभांत बोलू लागला. सभा भरवणारे भले गोरे लोक त्याला म्हणायचे, तू फक्त तुझी हकीकत सांग, अर्थ आम्ही लावतो. जरा अडाणी बोल, नाहीतर तू गुलाम होतास हे लोकांना पटायचं नाही.

सुमन फिसकन हसली. "मना पन बोलतान. साडी जुनी नेस."

"कोण म्हणतं?"

"समदीच." तिनं अंजुमकडं पाहिलं. अंजुम लाजली. "मी एकदाच म्हटलं होतं मॅडम," ती म्हणाली.

मग मी त्या बाईचं सांगितलं, जिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि जिच्या भाषणाला हजारो लोक जमायचे. ते तर सुमनला फारच आवडलं. "वाचाया येत न्हवतं? आनि बोलायची? कागुद न धरता?" तीन वेळा विचारलं. नंतर थांबून म्हणाली, "बाई, त्या मान्सानं मालकाचं नाव घेतलं काय? समद्यांसमोर?"

"घेतलं. नाव घेतलं, गाव सांगितलं."

"मंग?"

"मग काय, लोक उठून उभे राहिले. सगळीकडं बोभाटा झाला."

हे खरं आहे. पण याला दुसरी बाजू आहे. नाव जाहीर झाल्यावर त्यालाच पकडून नेण्याची भीती निर्माण झाली आणि त्याला देश सोडून जावं लागलं. आणि आपण कसे पळालो, कुणाच्या मदतीनं, कोणत्या वाटेनं, हे त्यानं गुलामी संपेपर्यंत सांगितलं नाही. लोकांनी किती खोदून विचारलं तरी नाही. मागं राहिलेल्यांची वाट बंद होईल म्हणून. त्या सगळ्या वक्तृत्वातलं सगळ्यात मोठं वक्तृत्व मला नेहमी तेच वाटत आलंय, जे तो बोलला नाही ते. ही बाजू मी शुक्रवारच्या व्याख्यानासाठी ठेवली होती. तेवढ्यात गाळ्यातून शिट्टी झाली आणि सुमन चहा एका घोटात संपवून पळाली.

शुक्रवार, निजामपुरा

शुक्रवारी भिवंडीत माग बंद. सकाळी जाग आली तीच शांततेनं. निजामपुऱ्याच्या गल्ल्यांत त्या दिवशी माणसं नेहमीच्या आवाजात बोलत होती, आणि तरी जरा ओरडूनच. सवय ती सवय. अंजुमच्या सासूनं मला शीरखुर्मा खाऊ घातला, ईद नसताना, "मास्टरनी आयी है" म्हणून. घसा मात्र पुरता बसला होता. माईंनी सकाळी हळद-मीठ दिलं, अंजुमनं मध-आलं दिलं, नानांनी कसलीशी काळी गोळी दिली. सगळं घेतलं. संध्याकाळपर्यंत माझा आवाज फाटक्या कर्ण्यासारखा झाला.

सभा वाचनालयाच्या अंगणात होती. दोनशेच्या आसपास माणसं, पुढं बायका. तिथं आमच्यासारखीच पद्धत: शाल, नारळ, दीपप्रज्वलन, आणि प्रत्येकाचा सत्कार दुसऱ्या प्रत्येकाच्या हस्ते. यात इतका वेळ गेला की नानांनी क्रम बदलला. "मॅडमचा घसा बसलाय, त्यांना आदी बोलू द्या, थोडक्यात."

मी थोडक्यात बोलले. सगळं बोलणं शक्यच नव्हतं, म्हणून टाळ्यांचं तेवढं बोलले. अंडी-दगड खाऊन बोलत राहिलेली माणसं, त्यांच्या शब्दांनी हललेली शहरं, दीडशे-पावणेदोनशे वर्षांनंतरही जगात कुठं अन्यायाविरुद्ध कुणी उभं राहिलं की त्याच्या तोंडी येणारे तेच सूर. माणूस आपल्या तोंडानं आपली गोष्ट सांगतो तेव्हा मालकाची सत्ता पहिल्यांदा हलते, असं काहीतरी मी म्हणाले. टाळ्या पडल्या. न बोललेल्या गोष्टीवरचा भाग मी घशाच्या नावानं गाळला. खरं सांगायचं तर तो भाग टाळ्यांचा नव्हता.

मग सुमन उठली. नवी हिरवी साडी नेसली होती, जुनी नव्हे. हातात कागद नाही. आधी बारीक आवाजात सुरुवात झाली आणि हळूहळू तो आवाज अंगणाच्या बाहेर गेला. माती कालवताना पाय कसे फुटतात ते सांगितलं. तापात पडलेल्या नवऱ्याला दवाखान्यात न्यायला मालकानं सोडलं नाही आणि तो भट्टीवरच गेला ते सांगितलं. "तुमची घरं पक्की हायत," ती म्हणाली, "त्या विटांना आमचं बोट लागलेलं हाय. भिताड खरवडून बगा." बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. तीस वर्षं जे पुस्तकातून वाचून दाखवलं ते माझ्यासमोर हिरवी साडी नेसून उभं होतं.

"माजी भैन अजून तिथंच हाय," सुमन म्हणाली. आणि थांबली. नानांकडं पाहिलं.

नानांनी घाईघाईनं खिशातून पेन काढलं, निमंत्रणपत्रिकेचा कोपरा फाडून त्यावर दोन शब्द लिहिले आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली, तिला द्या म्हणून. आपल्याकडच्या सभांत अध्यक्ष वक्त्याला देतात तशीच. मी वाचली: "आवर. नाव नको." ती सुमनच्या हातात दिली. सुमनला वाचता येत नाही हे त्या गडबडीत नानांच्याही लक्षात आलं नाही.

सुमननं चिठ्ठी कपाळाला लावली. मला तेव्हा उमगलं नाही. नंतर माईंनी सांगितलं. तिथल्या गावांत भजनाची बारी रंगली की लोक खूश होऊन बुवांना चिठ्ठ्या पाठवतात, नावानिशी शाबासकी देतात. सुमननं चिठ्ठी म्हणजे तेवढंच पाहिलेलं. तिनं ती कमरेला खोचली, पुन्हा नानांकडं बघून हात जोडले, तोंड भरून हसली, आणि माइक दोन्ही हातांनी धरून भट्टीचं नाव घेतलं. मग मालकाचं घेतलं. बापाच्या नावासकट.

ते नाव मी इथं लिहीत नाही.

त्या क्षणी उठून तिच्या कानाशी लागणं माझ्या हातात होतं, दोन पावलांवर तर ती होती. मी उठले नाही. मला ऐकायचं होतं. अंगणातली माणसं खरोखरच उठून उभी राहिली, टाळ्या थांबेनात, आणि मीही उभी राहून वाजवत होते. नाना तेवढे बसून होते, कपाळाला हात लावून. मला मनात आलं, म्हातारा भ्यायला बघ! टाळ्या चालू असतानाच तिसऱ्या रांगेतला एक गृहस्थ फोन कानाला लावत बाहेर पडला. मी तोही पाहिला, आणि म्हटलं, बरं झालं, कळू दे एकदाचं.

शनिवार, भट्टी

साहेब ठरल्याप्रमाणे आले. भले, तरुण, मोजकं बोलणारे. त्यांच्या गाडीमागं नानांच्या गाडीत आम्ही: अंजुम, सुमन आणि मी. नानांनी आदल्या संध्याकाळी मला एवढंच विचारलं होतं, "मॅडम, चिठ्ठी वाचली व्हती ना तुमी?" आणि मी "हो" म्हटलं होतं.

उघड्या माळावर भट्टी. बाजूला कच्च्या विटांच्या रांगा, कोवळ्या, ओल्या. कालच्या संध्याकाळी पाडलेल्या असाव्यात. कडेला गवताच्या झोपड्या. मालक समोर आला, पन्नाशीचा, अगदी अदबशीर. नानांच्या पाया पडला. "काका, तुमी कशाला तरास घेतला? बोलावनं धाडायचं. या बसा, च्या घ्या." साहेबांनी मजुरांबद्दल विचारलं. "ह्या साली मजूरच न्हाय मिलाले, साहेब. दोन-चार हायत, हिथलेच, रोजंदारीचे."

सुमन झोपड्यांकडं गेली. मीही मागं गेले. तिसऱ्या झोपडीत चूल होती, तिच्यात हात घालून तिनं राख चाचपली. कोपऱ्यात मडकं भरलेलं होतं. दोरीवर लहान मुलाचा एक सदरा वाळत राहिला होता. पलीकडे मातीत टेम्पोच्या चाकांचे खोल ठसे, रस्त्याकडं गेलेले.

"बेबी!" सुमननं हाक मारली. मग माळाच्या दिशेनं पुन्हा, काल माइकवर होता त्याहून मोठ्या आवाजात. "बेबीऽऽ!" दोन-चार रोजंदारीच्या बायका माती कालवत होत्या त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा खाली माना घातल्या.

साहेबांनी जबाब घेतले, पंचनामा केला. शोध घेऊ म्हणाले, आसपासच्या तालुक्यांना कळवू म्हणाले, आणि मला वाटतं ते मनापासून म्हणाले. आजपर्यंत पत्ता नाही. कुणी म्हणतं कर्जतकडे, कुणी म्हणतं थेट गुजरातेत. अंजुम एक दिवसाआड फोन करते, मी "काही कळलं?" विचारायच्या आधीच "नाही मॅडम" म्हणते.

परतताना नाना आणि अंजुम साहेबांशी बोलायला मागं थांबले. सुमन आणि मी गाडीजवळ उभ्या होतो. मला तिची क्षमा मागायची होती, पण वाक्य जुळेना. इतकी वर्षं बोलण्यावर पोट भरलेली बाई मी, आणि एक वाक्य जुळेना. तीच म्हणाली, "मना वाटलं नाना खूश झालं. घे म्हनतान नाव." तो सदरा तिनं घडी घालून हातात धरला होता.

"बाई, त्या मान्साला भैनी व्हत्या?"

"होत्या."

"त्या सुटल्या काय?"

"सुटल्या असणार," मी म्हटलं. "पुढं सगळेच सुटले. लढाई झाली, कायदा झाला."

"कवा? त्यो बोलाया लागला तवापास्नं किती वर्सांनी?"

मी मनात हिशेब केला. खोटं सांगायचं धाडस झालं नाही. "वीस वर्षांच्या वर."

"तवर त्यो काय करत व्हता?"

"बोलत होता, सुमन. गावोगाव फिरून बोलतच होता."

तिनं मान हलवली. त्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"वीस वर्सं," ती म्हणाली. "बेबीची पोर सा वर्साची हाय."